बटाट्यांची शाळा

सातारा, २३ जून २०२५

ती. अबोलीताईंस,
सा. न. वि. वि.

शिवांजलीच्या बाळंतपणासाठी तुम्ही सांगलीला जाऊन आठवडा झाला. बालवाडीची किल्ली माझ्या कमरेला आहे आणि दिवसातून दहादा ती चाचपून बघते. बालवाडीची खबर फोनवर नको, पत्रानंच हवी, म्हणजे पोरं रांगेनं जाऊन पेटीत टाकतील, असं तुम्ही बजावलंत. तशी आज टाकणार आहेत.

पहिल्या दिवशी आठजण रडले. तुमच्या या भावजयीला धरून नऊ. मग वाळूच्या हौदात पळ्या-पातेली सोडली आणि सगळे रमले. आमचा निमिष मात्र आत्या कधी येणार म्हणून रोज माझं डोकं खातो. तुमच्या सव्वीस वर्षांच्या कामाला मी डाग लागू देणार नाही.

तुमची माया अशीच राहो.
अपूर्वा

सांगली, ४ जुलै २०२५

चि. सौ. अपूर्वा हिस,
अ. उ. आ.

शिवांजलीला मुलगी झाल्याचं फोनवर कळलंच असेल. दोघी खुशाल आहेत. जावईबापू बाळाला घेताना असे घाबरतात की बाळच त्यांच्याकडे दयेनं बघतं.

पालक येतील, पोरांना अजून लिहायला का शिकवत नाही म्हणून भांडतील. त्यांना चहा दे आणि डाळी निवडणारी पोरं दाखव. तांदळातून हरभरा वेचणारं बोट उद्या पेन्सिल धरतंच. त्याआधी पेन्सिल द्यायची नाही, असा शब्द तू मला दिला आहेस. पोरं काय काय बोलतात ते लिहून ठेव. कपाटातल्या माझ्या निळ्या वह्या त्यानंच भरल्यात.

निमिषला एकदा पाठव गं. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं तू करते आहेस.

आशीर्वाद तर आहेतच, वर एक पापीही.
अबोली

सातारा, २१ जुलै २०२५

ती. अबोलीताईंस,
सा. न. वि. वि.

हे शनिवारी बाळाला बघायला येत आहेत, सोबत निमिषही. त्याला आठ दिवस ठेवून घ्या.

इकडे सगळं तुमच्याच पद्धतीनं चाललंय. परवा कणीक मळली. सूरज नावाचा नवा मुलगा आहे. कणीक ओल्या फडक्याखाली झाकली, तर ती झोपलीय, हळू बोला, असं सगळ्यांना दटावत होता. हरणामावशी म्हणतात, पोरं लय गुणी झाल्यात, आता झाडायलाबी काय उरत न्हाई. पालकही खूश आहेत. तुम्ही अजिबात काळजी करू नका.

बाळाला मामीआजीचे गोड पापे. तुमचा हात पाठीवर असू द्या.
अपूर्वा

सांगली, ३० जुलै २०२५

अपूर्वा,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

निमिष आला त्याच दिवशी टोपलीतले बटाटे घेऊन बसला. मला वाटलं, मागच्या दिवाळीसारखं भाजीचं दुकान मांडेल. त्यानं सगळे बटाटे भिंतीशी एका ओळीत मांडले आणि त्यांना तोंडावर बोट ठेवायला सांगितलं. एक घरंगळला. त्याला लाटण्यानं मारलं आणि शंभर वेळा 'ए' काढायला लावला. मग सगळ्या बटाट्यांना बजावलं की आत्याला यातलं काही सांगायचं नाही. आवाज हुबेहूब तुझा होता.

मी हरणाबाईंना फोन केला. त्या रडायलाच लागल्या. हौदावर फळ्या टाकून बाकं मांडली त्याला पंधरा दिवस झाले, मी काय बोलनार, असं म्हणाल्या. मग तुझं पत्र पुन्हा काढलं. झोपलेली कणीक! अगं, ते सूरज नाही, शौनक म्हणाला होता, चौदा वर्षांपूर्वी. तो आता इस्लामपूरला इंजिनिअरिंगला आहे, मिशा फुटल्यात त्याला. माझ्याच वहीतलं चोरून मलाच लिहून पाठवलंस आणि मी ते शेजारणीला कौतुकानं वाचून दाखवलं.

निमिषनं मला एक शब्द सांगितलेला नाही, त्याला रागावू नकोस. तो फक्त खेळला. मूल तोंडानं लपवतं, खेळात लपवत नाही, हे मी तुला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तू तेही विसरलीस. एवढं कुणी मला फसवलं नव्हतं.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.
अबोली

सातारा, २ ऑगस्ट २०२५

ती. ताईंस,
सा. न.

काय लिहू? पालक आले, त्यांना चहा दिला, डाळी दाखवल्या. डाळी निवडायला घरी आजी शिकवते, असं एकजण तोंडावर म्हणाला. मोठ्या शाळेत प्रवेशाच्या वेळी ए-बी-सी-डी विचारतात म्हणून एका आठवड्यात सातजणांनी मुलं काढली. मी घाबरले. आधी एक बाक आणलं, मग चार.

तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही बाळंतीण सोडून धावत आला असता, अशी मी मनाची समजूत घातली. ते खोटं आहे. तुमच्यापुढे मी कमी पडले हे सांगायची लाज वाटली. पट्टी एकदाच मारली ताई, आणि तीही फक्त निमिषला. आपलाच आहे म्हणून.

फळ्या उद्याच काढते. बोला, रागवा, पण पूर्वीसारखं 'चिरंजीव' लिहा.
अपूर्वा

सांगली, ६ ऑगस्ट २०२५

अपूर्वा,

फळ्या काढ. किल्ली हरणाबाईंकडे ठेव. मी सोमवारी निमिषला घेऊन येते.

आपलाच आहे म्हणून मारलं, असं लिहिलंस. ते वाचून मी पत्र मिटलं आणि त्याला परसात माती कालवून दिली. बराच वेळ त्यानं हात लावला नाही, नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. शेवटी एक भाकरी थापली, दोन्ही हातांवर घेऊन माझ्यापुढे धरली आणि बरोबर आहे का म्हणून विचारलं.

सव्वीस वर्षांत शेकडो पोरांनी मला मातीच्या भाकऱ्या वाढल्या. गोड झालीय का, अजून हवी का, तिखट लागली का, सगळं विचारलं. बरोबर आहे का, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

अबोली