चांद्याच्या गळ्यातला पट्टा

प्रिय गोदा,

लग्नात एकदा घेतलं तेवढंच तुझं नाव. पुढची तीस वर्षं 'अगं' म्हणण्यातच गेली. आज नावानं लिहितोय, कारण काल आपल्या चांद्याच्या गळ्यातला पट्टा कापून काढावा लागला. मानेवर हात फिरवला तर बोटांना पू लागला. केसांखाली कातडं सोलून निघालं होतं. आणि मी रोज पूजा करून त्याच्याच शेजारून जात होतो!

तुझा भाऊ लढाईवरून परतला तेव्हा त्यानं तो पितळी बक्कलाचा पट्टा आणला, कुत्र्याला शिकवण्यासाठी. किती नीट सांगत होता बिचारा! "दाजी, शिकवायच्या येळेलाच बांधा. झालं की काढा. खाली दोन बोटं गेली पायजेत. अन् हिसका द्यायचा न्हाई."

मी मान डोलावली. गेल्या चंपाषष्ठीला पट्टा खंडोबापुढं ठेवला, भंडारा लावला, त्याला पिवळा दोरा गुंडाळला आणि एक भोक पाडून तीन महिन्यांच्या चांद्याच्या गळ्यात बांधला. देवाच्या पायाला लागलेली वस्तू वर्षभर उतरवायची नाही, असं ठरवून टाकलं. कुणी सांगितलं होतं मला? देवानं तर नाही! शेळ्यांमागं धावला की हिसकेही दिले.

"अवो, पिल्लाची मान वाढतीया, पट्टा वाढत न्हाई," तू म्हणालीस.

"त्याची काळजी खंडोबाला."

"खंडोबा बक्कल सोडाया येनार व्हय?"

केवढा ओरडलो तुझ्यावर! दोन दिवस बोललो नाही. पुढं तू विषयच काढला नाहीस. मला वाटलं, पटलं तुला.

शिमग्यापर्यंत चांद्या दुप्पट झाला, तरी पट्टा बरोबर बसत होता. देवळाच्या पायरीवर चारचौघांना कुत्रं दाखवून मी म्हणालो, "बघा, देवाचा पट्टा कुत्र्यासंगं वाढतोय!" तू मागं नारळ घेऊन उभी होतीस. पदर तोंडाला लावून खोकलीस. मला वाटलं, भंडारा नाकात गेला असेल.

काल पट्टा धुतला आणि कळलं. मी पाडलेल्या भोकापुढं दाभणानं पाडलेली पाच भोकं, वेडीवाकडी. आतून तुझ्या हिरव्या लुगड्याची मऊ पट्टी, गोधडीच्या टाक्यांनी शिवलेली. म्हणजे मी शेतावर गेलो की तू पट्टा सोडायचीस, एक भोक पुढं घ्यायचीस आणि दोरा होता तसा गुंडाळून ठेवायचीस! पाचवं भोक तू अंथरूण धरण्याआधीचं. त्यानंतर बक्कलाला कुणाचा हात लागला नाही.

मला सांगितलं का नाहीस गं?

सांगितलं होतंस. ज्येष्ठात, बोलायचं बळ नव्हतं तेव्हा, दोनदा म्हणालीस, "चांद्याच्या गळ्याकडं बघा." आणि मी काय म्हणालो? "देवाचं नाव घे. आत्ता कुत्र्याचं काय घेऊन बसलीस?" तू भिंतीकडं तोंड फिरवलंस, आणि तशीच गेलीस. देवापुढं बसलो की हल्ली मला ती भिंतच दिसते.

कालपासून कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धुतोय, हळद लावतोय. मी हात पुढं केला की चांद्या मान आखडून घेतो. तुझी गोधडी उन्हात टाकली की मात्र तिच्याखाली जाऊन निजतो.

जखम भरेपर्यंत त्याच्या गळ्यात काही घालणार नाही. पुढं बांधलाच पट्टा, तर शिकवण्यापुरता, दोन बोटं घालून बघून, आणि काम झालं की खुंटीला. हिसका कधीच नाही.

चंपाषष्ठी आठ दिवसांवर आली. लोक विचारतील, "वाढनारा पट्टा कुठंय?" त्याच पायरीवर तो कापलेला पट्टा ठेवीन, लुगड्याची बाजू वर करून. आणि तो कुणी वाढवला, ते चारचौघांत तुझं नाव घेऊन सांगीन.

तुझा अपराधी,
सखाराम