सुई टोचल्यापासून

४ ऑगस्ट

आज कंगवा हातातून सुटून गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडला. तो हसला — "काय मास्तर, झोप झाली नाही वाटतं?" झोप झाली होती. हातच वर गेला नाही. खांद्यापर्यंत जातो, पुढे कोणीतरी वरून दाबून धरल्यासारखा अडतो. बोटं शाबूत आहेत. आत्ता लिहितोय ते अक्षरही गावच्या शाळेत गिरवलं तसंच येतंय. कात्री चालते. पण ती डोक्यापर्यंत न्यायची कोणी?

हे सगळं त्या साथीच्या लसीच्या सुईपासून. मला कोणी शिकवायची गरज नाही. शरीर माझं आहे.

टोचणारी परकी असती तर एक वेळ गिळलं असतं. धाकटीने टोचली. धाकट्या भावाची बायको, आरोग्य केंद्रात नर्स आहे. मी जातच नव्हतो. तिनेच मागे लकडा लावला. "दादा, सगळं गाव तुमच्या तोंडासमोर तोंड आणून बसतं. तुम्ही नाही घेतली तर कोणी घ्यायची?" बाही तिनेच वर सारली. कापूस दाबून म्हणाली, "झालं. उगाच घाबरलात."

झालं खरंच.

७ ऑगस्ट

दुकान उघडलं की कात्रीला हात लावायच्या आधी मी डोळे मिटून उभा राहतो. वडिलांची सवय, माझ्यात उतरली. हात जोडायचे आणि कपाळापर्यंत न्यायचे. आज ते छातीपाशीच थांबले. देवालाही आता एवढंच मिळेल. मनात म्हटलं, रागावू नकोस. मग वाटलं, आपल्या दोघांत रागवायचा हक्क नक्की कोणाचा आहे?

१० ऑगस्ट

जमिनीवरून उठताना मांड्यांना हातांचा रेटा द्यावा लागतो. हिने पाहिलं आणि तोंड फिरवलं. बायको तोंड फिरवते तेव्हा ती रडत असते किंवा चिडलेली असते. विचारलं नाही. दोन्ही उत्तरं नको होती.

१४ ऑगस्ट

कॅप्टन आला होता. हा खरा कॅप्टन नव्हे, बँकेचा रखवालदार होता. निवृत्त झाला. मिशीमुळे नाव पडलं. बायको गेल्यापासून रोज येऊन बसतो, दाढी वाढलेली असो नसो.

"मास्तर, पापण्या जांभळ्या का झाल्यात? रडता की काय चोरून?"

म्हटलं, साबण गेला असेल. मला काय माहीत माझ्या पापण्या कशा आहेत. दुकानातल्या आरशात मला गिऱ्हाइकाचं डोकं दिसतं, माझे हात दिसतात, सदऱ्याची बटणं दिसतात. माझं तोंड आरशाच्या वर राहतं. तेच बरं. दिवसभर स्वतःचं थोबाड बघत काम करायची हौस कोणाला?

घरी येऊन मोरीतल्या छोट्या आरशात पाहिलं. कॅप्टन खोटं बोलला नव्हता. बोटांच्या पेरांवरही लाल चट्टे आहेत, खवल्यांसारखे. हे मी साबणाने भाजलं असं धरून चाललो होतो.

हिने जाऊन धाकटीला सांगितलं. धाकटी लगेच जिना उतरून खाली आली. ते दोघं वर राहतात. "दादा, हात दाखवा."

"तुला दाखवूनच ही वेळ आली," म्हटलं.

ती पायरीवरूनच वळली. मग वर गेली. जाऊ दे.

२३ ऑगस्ट

मोठ्या इस्पितळात जाऊन आलो. भाऊ घेऊन गेला. नंबर धाकटीने लावला होता हे मला तिथे पोचल्यावर कळलं, नाहीतर गेलो नसतो.

रक्त काढलं. दंडाच्या मांसात सुया घालून कसला तरी आलेख काढला. अजून सुया. डॉक्टरीण वयाने माझ्या लेकीएवढी. म्हणाली, सांध्यांना थोडी सूज आहे, पण मुख्य दुखणं स्नायूंचं. स्नायूंचा दाह. शरीर स्वतःच्याच मांसावर उठलंय.

मी सरळ विचारलं, "लसीमुळे ना?"

"असू शकतं," ती म्हणाली. "फार थोड्या लोकांत लसीनंतर असं सुरू झालेलं पाहिलंय. पण लस न घेतलेल्यांनाही हा आजार होतो, लस येण्याच्या आधीपासून होतो. तुमच्या बाबतीत लसीमुळेच झाला असं मी सांगू शकत नाही. झाला नाही असंही नाही सांगू शकत."

"मग सांगू काय शकता?"

भावाने माझा सदरा ओढला. ती रागावली नाही. तेही मला आवडलं नाही. म्हणाली, "हे सांगू शकते की आज गोळ्या सुरू केल्या तर हात वर येण्याची चांगली शक्यता आहे. जितका उशीर कराल तितकं गेलेलं मांस परत येणार नाही. पुढे अन्न गिळायलाही त्रास होईल." मग विचारलं, "हातातली ताकद नक्की कधीपासून कमी झाली? लसीच्या आधी काहीच नव्हतं?"

"काही नव्हतं. धडधाकट होतो."

तिने मान डोलावली. तेवढं तरी पटलं म्हणायचं.

गोळ्या आणल्यात. फळीवर ठेवल्यात. घेणार नाही. एक विष त्यांनी घातलं, आता त्यावर उतारा म्हणून दुसरं. मी काय यांचा उंदीर आहे?

२६ ऑगस्ट

ही म्हणते, "गोळी घ्या." मी म्हणतो, नाही. ही म्हणते, "मग मरा." आणि पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवून जाते.

३० ऑगस्ट

आज दुकानात चांगलाच बाजार भरला. जागेचा दलाल केस काळे करायला बसला होता. डोक्यावर रंग आणि तोंडात माझं दुखणं. "मास्तर, तक्रार ठोका. तुम्ही गप्प बसलात म्हणजे तुम्हाला पटलं असा अर्थ होतो."

बाकावरचा एक म्हणाला, त्याच्या मेव्हण्याचे गुडघे लसीनंतरच धरले. दुसऱ्याची मान. तिसऱ्याला आठवेना काय झालं ते, पण काहीतरी झालं होतं.

कॅप्टन म्हणाला, "मला लसीनंतर भूक लागायला लागली. मी कुठे तक्रार करू?"

सगळे हसले. मी हसलो नाही. त्याचे हात वर होतात, त्याला हसायला काय जातंय? कोपऱ्यात बसून मिशा पिळता येतात त्याला. मला माझ्या डोक्याला तेल लावता येत नाही.

दलालाने तक्रार लिहून दिली. त्याची भाषा बरी आहे. "लस घेण्याआधी मी पूर्ण धडधाकट होतो. पूर्वीचा त्रास न विचारता मला लस टोचण्यात आली." विचारलं होतं तिने, ते आठवतंय. बाही वर करता करता विचारलं — "काही होतंय का दादा सध्या?" असं कोणी विचारतं का? भाजी काय केली विचारावं तसं. ते विचारणं नव्हे.

सही केली. सही करताना बोटं एकदम व्यवस्थित चालली.

८ सप्टेंबर

धाकटीला टोचायच्या कामावरून काढलं. चौकशी होईपर्यंत मागच्या कोठीत बसवलंय, पट्ट्या आणि बाटल्या लावायला. भाऊ सांगायला आला. दारातच उभा राहिला, चप्पल न काढता. माझा भाऊ, माझ्या दारात, चप्पल घालून.

"दादा, त्या एका वाक्यावर तिची नोकरी जाईल. तू धडधाकट होतास आणि तिने विचारलं नाही, एवढंच आहे त्यांच्याकडे."

"मग? खोटं आहे का?"

"मला काय माहीत खरं काय ते. तू म्हणशील ते खरं. ती काहीच बोलत नाही, दादा. मी म्हणतो, तुझी बाजू मांड. तर म्हणते, दादांना त्रास आहे ना, मग झालं."

मनात आलं, अपराधी माणूस असाच गप्प बसतो.

संध्याकाळी नेहमीसारखी वरून वाटी आली. मी परत पाठवली. तिच्या हातचं नको. हिने वाटी घेतली, माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतः जिन्यात बसून ती संपवली. मुद्दाम, मला दिसेल अशी.

१२ सप्टेंबर

गिऱ्हाइकं कमी झालीत. लोक दयाळू आहेत — पलीकडच्या चौकातल्या दुकानात जातात आणि मला सांगतात, "तुम्हाला त्रास नको म्हणून." दया अशी करतात.

१५ सप्टेंबर

घास अडकला. साधा भाताचा घास. पाण्याने उतरला. हिला सांगितलं नाही. देवाला सांगितलं. त्याला माहीत होतंच.

फळीवरच्या गोळ्यांकडे पाहिलं. चौकशी होऊ दे आधी. आता गोळी घेतली तर त्यांचंच खरं धरलं असं होईल.

१९ सप्टेंबर

उद्या चौकशी. आणि आज कॅप्टनने घात केला.

दुकानात आम्ही दोघंच होतो. तो खुर्चीत बसला आणि अर्धी दाढी झाल्यावर कुरकुरला, "गुडघे हनुवटीला लागतात. ही खुर्ची जरा वर घ्या की."

"पंप बिघडलाय," मी म्हटलं. नेहमी हेच सांगतो.

"बघू." त्याने स्वतः पाय लांब करून पॅडल मारलं. खुर्ची वर गेली. परत मारलं. आणखी वर. कुठे अडली नाही, कुठे खाली बसली नाही. नवी असताना जायची तशी गेली. कॅप्टन उंचावर बसला, गळ्याभोवती कापड घेऊन, एखाद्या राजासारखा.

"कुठे बिघडलाय?"

मी वस्तरा उचलला. त्याच्या गालापर्यंत हात पोचला नाही.

तो समोर बघत होता. आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसत नव्हतं, फक्त कापडाची गाठ दिसत होती. "अरे, हा आरसाही खालीच लावलाय तुम्ही."

"खुर्ची खाली, म्हणून आरसा खाली," मी म्हटलं. "गिऱ्हाइकाला दिसायला नको का? हल्लीच उतरवला."

"हल्ली कुठे. बायको गेली त्या सकाळी मी इथे दाढीला आलो होतो. लोक जमायच्या आधी. याच खुर्चीत असाच मुडपून बसलो होतो आणि आरशात माझं तोंड समोर होतं. नको म्हणून डोळे मिटले होते मी. मला आठवत नाही होय?" मग मिशीवरून हात फिरवत हळू म्हणाला, "तिला लस मिळाली असती तर वाचली असती कदाचित. तिच्या वेळी लस आली कुठे होती."

मी त्याला म्हटलं, आज दुकान बंद करायचंय. दाढी अर्धी ठेवून घालवला त्याला. तो गालावरचा फेस पुसत गेला.

खोटारडा म्हातारा. दुःखात माणसाला काहीही आठवतं.

पण पंप मी कोणाला दाखवला नव्हता. मेकॅनिक बोलावला नव्हता. खुर्ची वर घेऊन काम केलं की खांदे भरून यायचे, खाली असली की बरं वाटायचं. खांदे बरे आहेत असंच मी धरून चाललो — म्हणजे बिघाड खुर्चीतच असणार. खुर्ची खाली राहिली. मग गिऱ्हाइकं तक्रार करू लागली, आम्हाला आरशात फक्त कपाळ दिसतं. मग आरसा उतरवला. खिळे मला ठोकता येत नव्हते. तेव्हाच येत नव्हते. हात वर धरवत नव्हता.

लस त्यानंतर आली. लसीने त्यात भर घातली असेल. नसेलही. ते डॉक्टरणीला ठाऊक नाही, मला तर नाहीच. पण सुरुवात लसीने केली नाही.

आणि खिळे मी ठोकले नाहीत तर मग कोणी ठोकले, तेही आठवलं. ते लिहवत नाही.

२० सप्टेंबर

चौकशीच्या साहेबांनी एकच विचारलं, त्रास कधीपासून. म्हटलं, "आरसा उतरवला तेव्हापासून. लसीच्या आधीपासून. आणि टोचण्याआधी धाकटीने मला विचारलं होतं." साहेबांना आरसा कळला नाही. समोर बसलेल्या धाकटीला कळला.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्याजवळ आली. म्हटलं, तुला माहीत होतं, तर बोलली का नाहीस? ती म्हणाली, "स्टुलावर चढून खिळे मीच ठोकले होते, दादा. तुम्ही खालून आरसा धरला होता, आणि तुमचे हात थरथरत होते. नर्स असून मी तुम्हाला हसले."