चार ते नऊ

३ फेब्रुवारी, सोमवार

अकरा टक्के! दुपारी चारला पाठवायला लावलं, आता साडेसात झाले. सहाशे चाळीस पानांची नियमावली, ती मोठ्याने वाचून भरायला माझा सव्वा महिन्याचा घसा — आणि अकरा टक्क्यांवर गाढवासारखी अडून बसलीय.

ऑपरेटरबाईंचा फोन आला. "बाई, पहिलं प्रकरण आलं. दुसऱ्यात तुम्ही 'रजेचे प्रकार' म्हणता आणि गप्पच. मला रजा मिळणार की नाही?"

हसले. पण त्यांची परीक्षा बारा मार्चला आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

इंटरनेट कंपनीला फोन. पलीकडच्या मुलीने विचारलं, "मॅडम, फाइल शेअरिंग म्हणजे नक्की काय करता?"

सांगितलं. अंध श्रोत्यांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून आवाजात भरतो. वाचणारे-ऐकणारे मिळून चाळीस घरं. ज्याला जेवढे तुकडे मिळाले तेवढे तो पुढच्याला देतो, म्हणून भार कुणा एकावर पडत नाही. ऑपरेटरबाई दूरध्वनी केंद्रात कामाला, जन्मापासून दृष्टी नाही, पर्यवेक्षक व्हायचंय, त्या परीक्षेला ही नियमावली लागते. दिवसभर ड्युटी. बहुतेक सगळे तसेच, त्यांचे संगणक सुरू होतात ते संध्याकाळी, आणि नऊला बंद.

"मोडेम बंद करून पुन्हा सुरू करा."

केला.

"तुमची लाइन उत्तम आहे, मॅडम."

त्यांच्या वेबसाइटवरची वेगाची चाचणीही तेच म्हणते. पन्नासपैकी एकोणपन्नास! मग पाणी मुरतंय कुठे?

५ फेब्रुवारी, बुधवार

एकतीस वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलांना एकच सांगत आले — एकदा मोजलं म्हणजे मोजलंच नाही. आता स्वतःचं ऐकावं.

चारशे एमबीचा एकच तुकडा. दोन वाटा — एकदा साधा पाठवायचा, एकदा शेअरिंगने. सकाळी सहा ते रात्री नऊ, दर तासाला. चौदा दिवस. आलेखाचा कागद आणला. दुकानदार म्हणाला, "नातीसाठी का?" म्हटलं, "नाही, मला."

९ फेब्रुवारी, रविवार

लेक-जावई जेवायला. जावई त्याच कंपनीत, नेटवर्क विभागात. म्हटलं घरचाच वैद्य! टेबलाखाली शिरून वायर पाहिली, मोडेमचे दिवे पाहिले. "लाइन चांगली आहे, आई."

"साधं सव्वा मिनिटात जातं. शेअरिंगने पन्नास मिनिटं लागतात. तेही संध्याकाळीच."

"असेल काहीतरी." आणि माझ्या गुडघ्याची चौकशी सुरू केली. गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चौदा दिवस पूर्ण. आलेख भिंतीला लावला.

सकाळी दोन्ही रेघा बरोबरीने. चारच्या ठोक्याला एक रेघ धपकन खाली. साधी वाट तशीच वर, मजेत. चौदाही दिवस. गेल्या बुधवारी मुद्दाम नऊनंतर पाच मिनिटं थांबले — दोन्ही पुन्हा एकत्र. गर्दीमुळे असतं तर दोन्ही वाटा हळूहळू मंदावल्या असत्या, एखाद्या दिवशी मागेपुढे झालं असतं. हे घड्याळ लावून केलंय. बिघाड नव्हे, नियम आहे!

२० फेब्रुवारी, गुरुवार

शेवटचा प्रयोग. तोच तुकडा, तीच संध्याकाळ, शेअरिंगच — पण व्हीपीएनमधून. म्हणजे पाकीट बंद, आत काय आहे ते कंपनीला दिसत नाही. एक मिनिट चाळीस सेकंद!

लेक म्हणाली, "मग झालं की तुझं काम."

ऑपरेटरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तसं कशाला? आपण काय चोर आहोत मागच्या दाराने यायला?"

खरंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नियमावली पेनड्राइव्हवर घेऊन बसने ऑपरेटरबाईंच्या केंद्रात गेले. लाकडी टेबल, कानाला हेडफोन, बोटं बटणांवर. माझी पावलं ऐकूनच म्हणाल्या, "या बाई. दमलात, जिना वेगाने चढलात." पेनड्राइव्ह मुठीत धरून म्हणाल्या, "माझं भागलं. बाकीच्यांकडे तुम्ही किती बस बदलत जाणार?"

तक्रार लिहायची.

२ मार्च, रविवार

लेकीला मसुदा वाचून दाखवला. तिचा चेहरा उतरला. "आई, हे नको पाठवूस." का? मग जावईच बोलले.

"आई, नळी एकच असते. संध्याकाळी सगळे सिनेमे बघतात. शंभरातले चार-पाच जण शेअरिंग लावून ठेवतात आणि बाकीच्यांचं चित्र अडखळतं. शिवाय त्यात चोरीचा मालच जास्त. वरून आदेश आला, चार ते नऊ आवळा. नियम मी लिहिला. सात ओळींचा आहे."

"रजेची नियमावली कोण चोरेल हो?"

लेक हसली, आणि लगेच थांबली.

मी म्हटलं, "आवळा. नळी अपुरी असेल तर आवळावी लागत असेल, तेही समजून घेईन. पण मग करारात लिहा! विचारलं की 'लाइन उत्तम आहे' हे काय?"

"ते माझ्या हातात नाही."

"तुमच्या हातात काय आहे?"

जेवण तसंच राहिलं.

३ मार्च, सोमवार

आपलेच दात, आपलेच ओठ.

दिवसभर विचार केला. ठरलं — जावयांनी घरात सांगितलं ते घरात राहील. तक्रारीत त्यातला एक शब्द नाही. माझे आकडे, माझा आलेख, एवढंच. आकड्यांना नातेवाईक नसतात.

४ मार्च, मंगळवार

ग्राहक तक्रार मंचात अर्ज दिला. पोच घेतली.

१२ मार्च, बुधवार

ऑपरेटरबाईंचा फोन. "पेपर बरा गेला. तिसऱ्या प्रश्नाला रजेचं कलम आठवलं, आणि त्याच्या मधला तुमचा खोकलाही."

१६ मार्च, रविवार

लेक आली नाही. फोनही नाही.

२५ मार्च, मंगळवार

पहिली सुनावणी. लहान खोली, पंखा कुरकुरतो, अध्यक्षबाईंच्या टेबलावर फायलींचे ढीग. कंपनीच्या वकिलाने कानावर हात ठेवले. "असा कोणताही नियम अस्तित्वात नाही. एका घरातल्या, एका बाईंच्या, घरगुती घड्याळावरच्या नोंदी!"

घरगुती घड्याळ! या घड्याळावर किती पोरांचे लंबक मोजलेत!

अध्यक्षबाईंनी आलेख उलटसुलट पाहिला. "नोंदी स्वच्छ आहेत. पण घर एकच आहे. आणखी कुणाचं मोजमाप?"

ऑपरेटरबाई मागच्या बाकावरून उठल्या. "किती घरं हवीत, मॅडम?"

पुढची तारीख दहा एप्रिल.

२६ मार्च, बुधवार

ऑपरेटरबाईंनी कामावरून सुटल्यावर एकेकाला फोन लावायला घेतले. बत्तीस वर्षं लोकांना लोकांशी जोडून द्यायचं काम, त्यांना काय अवघड! कसं मोजायचं ते मी एका पानात लिहून, वाचून, आवाजात भरून पाठवलं. साधंच पाठवलं. लहान होतं.

३ एप्रिल, गुरुवार

तेवीस घरांच्या नोंदी आल्या. सहा वेगवेगळ्या भागांतल्या. सगळीकडे चार ते नऊ. एका आजोबांनी वेळेपुढे शेरा मारलाय — "यापेक्षा मी चालत जाऊन देईन."

४ एप्रिल, शुक्रवार

मंचाची नोटीस. कंपनीने तांत्रिक साक्षीदाराचं नाव दिलंय. जावई.

लेकीचा फोन, महिन्याने. "त्यांना सांगितलंय, असा नियम नाही एवढंच म्हणायचं. तसं म्हटलं नाही तर नोकरी जाईल. आई, आता तरी मागे घे ना गं."

मी म्हटलं, "त्यांनी काय म्हणावं ते मी सांगणार नाही. तूही सांगू नकोस."

"तुला आम्ही नकोच आहोत!" फोन ठेवला.

लागलं मला. खोटं कशाला लिहू.

६ एप्रिल, रविवार

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मागे घेतलं तर तेवीस घरांना काय सांगू? की माझ्या जावयाचं घर तुमच्यापेक्षा मोठं?

आणि नाही घेतलं तर — लेक.

चुलीपुढे उभं राहून दूध उतू जाताना बघत राहिले.

८ एप्रिल, मंगळवार

जाणार.

१० एप्रिल, गुरुवार

वकिलाने विचारलं, "चार ते नऊ वेग कमी करणारा कोणताही नियम कंपनीत आहे का?"

जावई पांढरेफटक. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "आहे. मी लिहिलाय. सात ओळींचा आहे. बाईंचे आकडे बरोबर आहेत."

वकील उडालाच. "साक्षीदार तक्रारदाराचे जावई आहेत! हे संगनमत आहे!"

अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "असू दे. त्यांच्या शब्दावर मी निकाल देत नाही. त्या सात ओळी आठ दिवसांत इथे आणा. सही कुणाची आदेशावर, तेही आणा."

बाहेर बाक होता. जावई गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून हातात घेऊन उभे होते. जिन्यावरून लेक धावत वर येत होती, रडत होती की हसत, कळेना.

"बस इथे," मी त्यांना म्हटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा एकेरी.

बसला.