दुसरा पुरावा

३ जून
आले एकदाची! दप्तरखान्यात वरच्या मजल्यावर एक खोली, एक खिडकी आणि कुरकुरणारी खुर्ची, सगळं माझं. खुर्चीत ऐटीत बसून फोटो काढला आणि ताईला पाठवला. लहानपणी मी भिरकावलेल्या पाटीने तिच्या हनुवटीवर व्रण पडलाय. तो दाखवून ती आजही मला धाकात ठेवते.
इथल्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी पहिलाच धडा दिला. इतिहास लिहिताना एकट्या कागदावर विसंबायचं नाही. दुसरा स्वतंत्र पुरावा नसेल, तर तांबड्या पेन्सिलीने सरळ काट मारायची. मी लगेच सकाळच्या चहाचा दुसरा पुरावा शोधला. टेबलावर कपाचा डाग सापडला.

७ जून
इथे पूर्वी काम केलेल्यांची यादी पडताळतेय. दिवसभर कुणी बोलत नाही. फक्त पहारेकरी रोज विचारतो, जेवलात का. तेवढ्या एका प्रश्नासाठी मी जिना उतरते.

११ जून
कपाटामागे एक रोजनिशी सापडली. चाळीस वर्षांपूर्वी एक बाई याच खोलीत, याच कुरकुरणाऱ्या खुर्चीत बसायची. यादीत तिचं नाव आहे, पण हजेरीपटात नाही, एकाही फोटोत नाही. शेवटची ओळ अर्धवट आहे: माझ्या भावाला विचारा, तो
मोठ्या बाई म्हणाल्या, असली वही कुणीही बसून रचेल. मला तसं वाटलं नाही. वाचताना तिची सोबत झाली होती. तरी नियम तो नियम. यादीतल्या तिच्या नावावर काट मारली.

१२ जून
हजेरीपटात माझ्या सह्या नाहीत. रकाने कोरे. कारकुनाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, आजच रुजू झालात का?

१४ जून
पहारेकऱ्याने अडवलं. जेवलात का विचारलं नाही. कोण तुम्ही, म्हणाला.

१५ जून
फोटोत खुर्ची आहे. मी नाही.
ताईला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, तुमचा नंबर चुकला असेल, मी आईवडिलांची एकुलती एक. आवाज तिचाच होता. खूप रडले.

१६ जून
काट खोडरबराने पुसतेय — जात नाही. ती खरं लिहीत होती. मी तिला वाचलं होतं — तिचा दुसरा पुरावा मीच होते. आणि मीच —
यादीत तिच्याखाली आता माझं नाव आलंय. शेरा कोरा.

१८ जून
नवी मुलगी आलीय. हसरी. खुर्चीत बसून फोटो काढला. मी हाक मारली — मान वळवली नाही.

तिच्यापुढे माझी हीच वही. मी लिहीत जाते, ती वाचत जाते —
तिने तांबडी पेन्सिल उचलली — नको गं — ताईला विचार, तिची हनुवटी बघ, तो व्रण अजून आहे, माझ्या पाटीचा, तोच दुसरा पुरा