जो आधी ‘माझं’ लिहील

सोमवार, ३ मार्च
फिलिपिन्समधल्या इलोइलोला पोचले आणि पहिल्याच दिवशी जीव रमला! खाली डुकराच्या मटणाचं दुकान, वर माळ्यावर माझी खोली. मालकीण मानांग पुरिंगनं (मानांग म्हणजे ताई) बाचॉयचा, इथल्या शेवयांच्या सुपाचा, वाफाळता वाडगा पुढे ठेवला आणि म्हणाली, खा गं काडी पैलवान, नाहीतर कॅमेऱ्यात दिसायची नाहीस. काम सोपं आहे, दुकानाच्या पानावर मालाचे फोटो टाकून तो विकायचा. आठवड्याच्या पोस्ट आधीच करून दिवस-वेळ लावून ठेवायच्या, मग त्या आपोआप जातात.

मंगळवार
सगळ्या पोस्ट लावल्या. नियम नेहमीचाच, फोटोखाली जो आधी ‘माझं’ लिहील त्याचा माल. लगेच त्याच्या नावाची चिठ्ठी सुतळीनं तुकड्याला बांधायची. अकरा वर्षांत आपण एकालाही नाही म्हटलेलं नाही, असं मानांग छाती फुगवून सांगते. उद्यासाठी बरगड्यांचं ताट लावलंय. ताट धरलेला हात माझाच.

बुधवार
पहिलंच उत्तर आलं, ‘तो हात माझा.’ मी खो खो हसले. मानांग हसली नाही. तिचा भाऊ बेन्जो, दुकानातला खाटीक, त्यानं माझं मनगट धरलं आणि तिनं चिठ्ठी बांधली. म्हटलं, मानांग, चेष्टा पुरे. ती म्हणाली, पोरी, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं. शुक्रवारी दहाला न्यायला येतील.

गुरुवार
खोलीला बाहेरून कडी. फोन काढून घेतला. कामापुरतं संगणकावर बसवतात, शेजारी मानांग. ती जेवायला वळली तेवढ्यात उद्या नऊची एक पोस्ट लावली. आत्ता टाकली तर लगेच पुसेल. नऊला ती विक्रीत गुंतलेली असेल. ओळख पटावी म्हणून माझा पूर्ण फोटो. ‘मला कोंडलंय. हात तोडणार आहेत. पोलिसांना सांगा.’ खूप भीती वाटतेय.

शुक्रवार, साडेआठ
डाव्या हातानं लिहितेय. गिऱ्हाईक लवकर आलं — तीन घाव — हाड तुटेना — मी किंचाळले तर मानांग म्हणाली, हलू नकोस, तुकडा वाकडा येतो. वर घट्ट फडकं बांधलं. बाकीचं ताजं राहायला हवं म्हणे. नऊ वाजू दे. देवा, नऊ वाजू दे

नऊ दहा
गेली पोस्ट! खाली मानांग उत्तरं मोठ्यानं वाचतेय. ‘पाय माझे.’ ‘डोळे माझे, मी आधी लिहिलं.’ ‘भांडता काय, जीभ मला.’ शेकडो — पोलिसांचं कुणीच —

नऊ वीस
टोपलीभर चिठ्ठ्या घेऊन वर आली. गाल कुरवाळून म्हणाली, गुणाची गं माझी बाय, एवढी मागणी कधी आली नव्हती. बेन्जो सुरा घासतोय. आधी डावा, म्हणते — सुतळी आवळ