न चाखता रांधलेला नैवेद्य

पुरानी बस्ती, रायपूर
महालक्ष्म्या उठल्या त्याचा दुसरा दिवस

ती. चित्राताईंना धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. (वाकलेलीच आहे, मान वर करायची सोय राहिली नाही.) तुमचे गुडघे बरे असतील, भाऊजींचं पथ्य चालू असेल, असं धरून चालते.

तर तुमच्याकडच्या महालक्ष्म्या यंदा मी हट्टानं रायपूरले आणल्या. आई सोबत आल्या आणि म्हणाल्या, नीट झालं तर पुढंही इथंच बसवू, नाही तर परत अकोल्याले. मी म्हटलं, हव, त्यात काय? मी का मापं घेऊन रांधते? माझ्या अंदाजाचं कौतुक तर अख्खा मोहल्ला करून राहिला होता.

ताई, नैवेद्याचं चाखायचं नसते हे मले माहीत होतं. माझा सारा अंदाज जिभेत आहे, हे माहीत नव्हतं. (रोजचं वरणही मी चारदा तळहातावर घेऊन चाटते, तेव्हा कुठं तो 'अंदाज' येते.) पुरणात गूळ टाकला, मग वाटलं टाकलाच नाही, पुन्हा टाकला. भाजीत मीठ गेलं का ते आठवेना, म्हणून देवाचं नाव घेऊन अजून थोडं. आंबिलीत काय काय गेलं ते महालक्ष्म्यांनाच ठाऊक, अन् त्या काही बोलत नाहीत.

आरती झाली की लगेच पंगत. बूढापाऱ्याच्या वनमालाबाई सवाष्ण म्हणून आल्या होत्या. पहिला घास घेऊन त्यांनी डोळे मिटले, मले वाटलं भक्तीनं. मग त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं. आमची इरावती, पोट्टीले मराठी सारं समजते पण बोलते हिंदीतच, सर्वांदेखत म्हणाली, "मम्मी, नमक का पूरा पैकेट डाल दिया क्या?" तुमचे दीर मान खाली घालून पुरणपोळी तोडून राहिले होते, तुटत नव्हती. आईंनी भाजी बाजूले सारून भातावर नुसती कढी घेतली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. लाजेनं मी नंतरचं वाढायलेसुद्धा बाहेर आली नाही.

तेव्हा मुखवटे परत पाठवते. माझी हौस फिटली.

तुमची,
कौमुदी

ता. क. आज सकाळी आई म्हणाल्या, बाकी जाऊ दे, पण कढी अगदी चित्राच्या हातची झाली होती. महालक्ष्म्या कुठं बसवायच्या ते आता तुम्हाले विचारून ठरवणार म्हणे.

आणखी एक. कढी मी फ्रिजच्या दाराआड उभी राहून चाखली होती. देवीपुढं कान पकडले आहेत, आईंले सांगू नका. पण ताई, तुमचा नैवेद्य इतक्या वर्षांत एकदाही बिघडला नाही. मी काही विचारत नाही. तुम्ही फक्त आईंले फोन करून सांगा, राहू द्या कौमुदीकडे.