भोंगा वाजला तेव्हा चेंडू कुठे होता

४ फेब्रुवारी

सौ. भावजयबाई हिस,
अ. आ. वि. वि. आशीर्वाद मनापासून, विशेष जरा बोचरं आहे.

पंचाची परीक्षा पहिल्याच खेपेला पास झालीस, अभिनंदन. तुझं पत्र मी दुकानात वाचत होते. समोर एक आजोबा चष्म्याच्या चाचणीची फ्रेम नाकावर घेऊन भिंतीवरची अक्षरं वाचत बसले होते. आता काच बदलणार का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं, आणि मी आपली तुझ्या तिसऱ्या परिच्छेदावर अडकलेली. बाबांनी त्यांची शिट्टी तुला दिली, असं तिथे लिहिलंयस.

ती काळ्या दोरीची पितळी शिट्टी ना? लहानपणी मी ती एकदाच फुंकली होती आणि दिवसभर बोलणी खाल्ली होती. पंचाची शिट्टी म्हणजे खेळणं नाही, असं बाबा म्हणाले होते. तुझ्या गळ्यात मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं घातली. माझ्या पोटात दुखतंय, हे सरळच सांगते. एवढ्या लांबून लपवून करायचं काय?

आणखी एक. आधीच्या पत्रांत तू 'मामंजी' लिहायचीस. या पत्रात चार वेळा 'बाबा' आलंय, मी मोजलं. ही बढती कधी झाली?

मला तिकडे ये, ये म्हणतेस. घशाच्या ऑपरेशनात बाबांचा आवाज गेला तेव्हा आले होतेच की मी. दवाखान्यात त्यांनी पंजा उघडून स्वतःकडे ओढला. मला वाटलं, जवळ बोलावतायत. मी खुर्ची सरकवून अगदी पलंगाला चिकटून बसले. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि पुन्हा तीच खूण केली. तेवढ्यात तू मागून आलीस आणि खिडकी उघडलीस. बाबांचा चेहरा खुलला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी परत आले, ते तुला आठवत असेल. फोनवर त्यांना बोलता येत नाही, समोर आले तर मला कळत नाही. मग मी यायचं कशाला?

लोभ असावा, पण सगळा तिकडेच साठवू नये.
तुझी नणंद


११ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग जरा वेळ हसू आलं नाही. बढतीचं सांगते. 'मामंजी' म्हटलं की ते पेपरातून मान वर काढायचे नाहीत. एकदा घाईघाईत तोंडातून 'बाबा' निघालं, तर लगेच वळले. ती हाक तुमची म्हणून वळले असणार, मला काय कळत नाही का? पण मला ती आवडली आणि मी सोडली नाही.

पंच व्हायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. बाबांना पाटी दिली तर हात थरथरायचा, दोन अक्षरांत चिडून पाटी ढकलून द्यायचे. बोटं मात्र सारखी चालू. माझ्या शाळेच्या लायब्ररीत बास्केटबॉलच्या नियमांचं एक पुस्तक आहे, त्यात पंचाच्या खुणांची चित्रं आहेत. ते घरी आणलं तेव्हा उलगडा झाला. उघडा पंजा स्वतःकडे ओढायचा ही बदली खेळाडूला आत बोलावण्याची खूण. बाबा ती वाऱ्यासाठी वापरतात. तुमचे भाऊ चिखलाचे बूट घालून घरात शिरले की ते दोन्ही मुठी गोल गोल फिरवतात, म्हणजे चाल चुकली. हे अजूनही बिचारे, बाबा मला नाचायला सांगतायत, अशी समजूत करून घेतात. खुणा समजून घेता घेता पुस्तक पाठ झालं, एवढंच.

परवा शाळेच्या मुलींचा माझा पहिला सामना झाला. मी शिट्टी वाजवली आणि चेंडू कुठे गेला ते बघत राहिले. माझ्या पाठीमागे दोघींनी एकमेकींना कोपरं मारली, ती मला दिसलीच नाहीत. बाबा बाकावर बसले होते, त्यांनी काठी आपटली. घरी आल्यावर शिवणाच्या डब्यातली बटणं टेबलावर मांडली, डब्याचं झाकण म्हणजे रिंग, आणि माझी शाळा घेतली. पुस्तकात त्याला मृत चेंडू म्हणतात. शिट्टी झाली की चेंडू मेला, मग कुणी तो रिंगमध्ये टाकला तरी गुण नाही. तेव्हा सगळे श्वास सोडतात, पण पंचानं नेमके तेव्हाच डोळे उघडे ठेवायचे. कारण ढकलाढकली तेव्हाच होते, आणि ती मात्र मोजली जाते.

वन्सं, या ना. खुणा काही अवघड नाहीत, मी आठवडाभरात शिकवते.

लोभ आहेच, तो तुमच्याकडूनही यावा.
तुमची भावजय


१९ फेब्रुवारी

सौ. भावजयबाई हिस,
अ. आ. वि. वि.

माझ्या बापाची भाषा तू मला शिकवणार. ठीक आहे.

डेड बॉल मात्र मला शिकवू नकोस. त्याची गोष्ट त्या घरात कुणी तुला सांगितलेली नसणार, कारण आम्ही तो विषयच काढत नाही. पंधरा वर्षांची होते. शाळांचा अंतिम सामना, आम्ही एका गुणानं मागे, शेवटचे तीन सेकंद आणि चेंडू माझ्या हातात. मी फेकला. भोंगा वाजला. चेंडू रिंगला न लागता आत गेला. नियम तुला पाठच आहे. भोंग्याआधी चेंडू हातातून सुटून हवेत असेल तर तो जिवंत, बास्केट धरायची. भोंगा झाला तेव्हा हातात असेल तर मेलेला.

माझ्या मागे उभ्या असलेल्या पंचांनी दोन बोटं खाली आणून बास्केट दिली. मैत्रिणींनी मला उचललंसुद्धा. आणि रिंगखालून दुसरे पंच पळत आले, छातीसमोर दोन्ही हात कात्रीसारखे फिरवत. रद्द. ते दुसरे पंच म्हणजे बाबा.

दोघांचं बोलणं झालं आणि बाबांचं खरं धरलं. मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही, आणि चेंडूला तर पुन्हा हातच लावला नाही. सव्वीस वर्षं झाली. त्यांनी एकदाही विषय काढला नाही, मीही नाही. आता तू त्यांच्या एवढी मर्जीतली आहेस, तर विचार त्यांना. भोंगा वाजला तेव्हा चेंडू कुठे होता? आणि त्यांनी एवढं काय बघितलं, की दुसऱ्या पंचाचा निकाल फिरवून पोटच्या पोरीची बास्केट काढून घेतली? याचं उत्तर आलं तर मी तिकडे येईन. नाहीतर तू आहेसच, खिडक्या उघडायला.

लोभाचं काय ते उत्तर आल्यावर बघू.
तुझी नणंद


२ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक. बाबांची भूक सुधारली आहे. तुमच्या भावाचं काम वाढलंय, यायला संध्याकाळ होते. लायब्ररीत नवी कपाटं आली, सगळी पुस्तकं उतरवून पुन्हा लावतेय.

तुमचं विचारायचं राहिलं. बाबा लवकर दमतात हल्ली. बघते, योग्य वेळ साधून विचारते.

लोभ असू द्यावा.
तुमची भावजय


१० मार्च

सौ. भावजयबाई हिस,
अ. आ.

नवी कपाटं छान असतील. बाबांची भूक सुधारली आणि तरी ते दमतात, हे मात्र मला जुळवता आलं नाही. दिवसभर लोकांना, हे स्पष्ट दिसतंय की ते, असं विचारत असते मी. अस्पष्ट काय ते मला लगेच कळतं.

तू विचारलंस आणि ते काही बोलले नाहीत, की तू विचारलंच नाहीस? की उत्तर आलंय आणि ते तुझ्या गळ्यातल्या शिट्टीसारखं तुझ्यापाशीच राहिलंय? आधी बापाची हाक घेतलीस, मग खुणा, मग शिट्टी. माझ्या वाट्याचं एवढं एक उत्तर होतं.

तुझी नणंद


१६ मार्च

ती. वन्संना,
शिरसाष्टांग. आज खरंच डोकं टेकवून लिहितेय.

उत्तर आलंय. तुमचं ते प्रश्नाचं पत्र आलं त्याच संध्याकाळी आलं होतं. मी तीन आठवडे दाबून ठेवलं.

मी विचारलं तसं त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि स्वतः उठून शिवणाचा डबा आणला. झाकण ठेवलं, ते रिंग. त्याखाली चार बटणं, त्या दाटीतल्या मुली. पलीकडे एक पांढरं बटण, त्या तुम्ही. पांढऱ्याच्या मागे एक तपकिरी, ते दुसरे पंच. आणि झाकणाखाली काळं, ते स्वतः. मग काळ्या बटणावर बोट ठेवून मला दाखवलं की रिंगखालच्या पंचानं कुठे बघायचं असतं. त्या चार बटणांकडे. शेवटची फेक बघायचं काम तपकिरी बटणाचं.

आणि मग त्यांनी काळ्यापासून सरळ पांढऱ्यापर्यंत बोटानं रेघ ओढली. चार मुलींना ओलांडून. दोनदा ओढली, मला कळलं नाही असं वाटून.

ते तुमच्याकडेच बघत होते, वन्सं. बघायचं नव्हतं तिकडे बघत होते, म्हणून त्यांना चेंडू तुमच्या हातात दिसला. आपल्या जागेचं काम केलं असतं तर दिसलाच नसता, आणि बास्केट राहिली असती. पण एकदा दिसल्यावर पंच म्हणून खोटं बोलता येईना. मी विचारलं की वन्संना हे कधी सांगितलं का नाही. त्यांनी स्वतःकडे बोट करून बंद मूठ वर केली. फाऊल माझा, असं.

मी हे का लिहिलं नाही ते सांगते. या घरात येऊन मला अकरा वर्षं झाली. गेलं वर्षभर त्यांचं प्रत्येक बोट मी वाचतेय, आणि कुणीतरी माझ्याशीच बोलतंय याचा मला फार आनंद होता. त्या संध्याकाळी कळलं की ते माझ्याशी बोलतात आणि बघतात तुमच्याकडे. तेव्हापासून मी जळतेय. त्यात तुम्ही लिहिलं होतंत की उत्तर आलं तर याल.

बाबा रोज जेवण झालं की तीच बटणं तशीच मांडतात आणि भुवया उंचावून विचारतात, लिहिलंस का. मी हो म्हणून मान हलवत राहिले. त्यांना वाटतंय तुम्हाला सगळं पोचलंय आणि तुम्हीच गप्प आहात. कुणी बघत नाही असं समजून शिट्टीनंतर कोपर मारतात ना, तसं मी केलं. काल त्यांनी बटणं मांडली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. रागावले नाहीत. पत्र लिही, एवढी खूण केली.

एक खूण मात्र मला लागलेली नाही. पांढऱ्या बटणावर बोट ठेवून ते दरवेळी डाव्या हाताचा अंगठा जिभेला लावतात आणि उजव्या भुवईवरून फिरवतात. पुस्तक दोनदा चाळलं, असं कुठे नाही. त्यांना विचारलं तर मलाच हातानं उडवून लावलं. तुम्हाला माहीत असेल तर कळवा. शिट्टी परत पाठवू का, तेही कळवा.

लोभ मागायची आज माझी पत नाही.
तुमची भावजय


२१ मार्च

सौ. भावजयबाई हिस,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी विनंतीसुद्धा आहे.

तुझं पत्र काल आलं. दुकानात वाचायला घेतलं आणि शेवटी घरी येऊन वाचलं. तुझ्यावर चिडले आहे, ते प्रत्यक्ष आल्यावर नीट सांगेन. चांगले दोन-तीन तास लागतील.

ती खूण पुस्तकात सापडायची नाही. ती माझी आहे. चेंडू फेकायच्या आधी तो उजव्या काखेत धरून मी डावा अंगठा ओला करायचे आणि भुवईवरून फिरवायचे. तसं केलं की चेंडू हमखास आत जातो, असं मनानं घेतलं होतं. मैत्रिणींच्याही ते कधी लक्षात आलं नाही. त्या दिवशी तीन सेकंद उरलेले असताना मी भुवई पुसत बसले. चेंडू हातातच होता, वहिनी. भोंगा झाला आणि मग सुटला. हे मला त्या दिवसापासून माहीत आहे. एवढ्या घाईत माझ्याकडे कुणी नीट बघितलं असेल, हेच खरं वाटत नव्हतं. मला वाटायचं, लेकीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी न बघताच हात फिरवले.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येतेय, दादल्याला दुकानावर बसवून. चांगली पंधरा दिवस राहीन. बटणं आवरू नकोस. शिट्टी तुझ्याचकडे राहू दे, मला फुंकता येत नाही. बाबांनी पंजा स्वतःकडे ओढला तर मी आधी खिडकी उघडेन आणि मग त्यांच्याजवळ बसेन. बाकीच्या खुणा तू शिकव, मी मुकाट्यानं शिकेन.

फक्त ती भुवईची खूण तू करून बघू नकोस. तेवढी माझी राहू दे.

लोभ आहे. निम्मा तुझा, निम्मा माझा.
तुझी नणंद